आठव्या दिवसाआधी विचारायचा प्रश्न

एकतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, टाके काढायचे, पट्ट्या बांधायच्या. कर्जत तालुक्यातले निम्मे गुडघे माझ्या हाताखालून गेले असतील. या नोकरीबद्दल कोणी विचारलं तर मी खुशाल सांगतो. माझं दुसरं एक काम होतं, त्याबद्दल मात्र समाजाबाहेर मी फारसं बोललो नाही. दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा म्हणून निरोप आला तेव्हा संपादकांच्या मनात दवाखानाच असणार. पण लिहायला बसलो आणि पानावर आलं ते दुसरंच काम.

आम्ही बेने इस्राएल. म्हणजे ज्यू, पण पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारे, याच मातीतले. आमचे पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत. आता कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत आमची घरं एका हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. बाकीची मंडळी मुंबई-ठाण्याला गेली, बरीचशी इस्राएलला. तिकडे युद्ध पेटलं की इथे सणाच्या आधी एक हवालदार दारात येतो, किती माणसं जमणार विचारतो, वहीत लिहून घेतो, चहा पितो आणि जाताना "काळजी घ्या" म्हणतो. तो भला माणूस आहे. पण तो गेल्यावर माझी बायको रिबका दाराची कडी दोनदा तपासते.

आमच्यात मुलगा झाला की आठव्या दिवशी त्याची मिला करतात, म्हणजे सुंता. ही आमच्या बाप अब्राहामापासून चालत आलेली खूण. सण असो, शनिवार असो, आठवा दिवस चुकवायचा नाही. बाळ आजारी असलं तरच पुढे ढकलायचं. हे काम करणाऱ्याला मोहेल म्हणतात. मी अडतीस वर्षं मोहेल होतो.

शिकलो ते हनोखबाबांकडून. वडिलांचे चुलतभाऊ, राहायचे पेणच्या बाजूला. त्यांनी मला तीन वर्षं नुसतं शेजारी उभं केलं. सुरी हातात दिली त्या दिवशी म्हणाले, "आदल्या रात्री तुला शांत झोप लागली तर मला सांग. मी दुसरा माणूस शोधतो." ती वेळ कधी आली नाही. आदल्या रात्री रिबका जेवण वाढायची आणि मी भाताला बोटं लावून उठायचो. दवाखान्यात मी कुऱ्हाडीचे घाव धुतले आहेत, तेव्हा हात हलला नाही. पण आठ दिवसांचं, कोणतीही तक्रार नसलेलं, दूध पिऊन झोपलेलं पोर आपण होऊन दुखवायचं, याची भीती वेगळी असते.

काम म्हणाल तर अर्ध्या मिनिटाचं. एक दुधारी सुरी, फट असलेली धातूची पट्टी, औषधी पूड, गॉज. बाळाच्या ओठांना मनुकांच्या शरबतात भिजवलेला कापूस लावायचा. मग दोन-तीन मिनिटं दाबून धरायचं, पट्टी बांधायची, नाव ठेवायचं. खरं काम त्याआधीचं. तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी घरी जाऊन बाळ बघायचं. नाकाचा शेंडा दाबून बघायचा, कातडी पिवळी दिसते का. दूध पितं का, बेंबी सुकली का. आणि शेवटी एक प्रश्न विचारायचा. आईच्या माहेरी कोणा मुलाचं रक्त थांबलं नव्हतं का? मिलानंतर कोणी मुलगा दगावला होता का?

हा प्रश्न आमच्या जुन्या ग्रंथांतून आलेला आहे. एका आईची दोन मुलं मिलानंतर गेली तर तिसऱ्याला हात लावायचा नाही, बहिणीबहिणींच्या मुलांनाही तोच नियम. म्हणजे हा दोष आईच्या बाजूनं येतो हे त्या लोकांना ठाऊक होतं. हनोखबाबांनी मला बजावलं होतं की प्रश्न चारचौघांत विचारू नकोस. बाळाच्या आजीला, आईच्या आईला, एकटीला गाठ.

पिवळ्या बाळावरून माझं एकदा चांगलंच वाजलं होतं. पनवेलकडचा एक इंजिनियर बाप. त्यानं हॉल घेतला होता, पाहुणे विमानानं आले होते आणि पोर हळदीसारखं पिवळं. मी नाही म्हणालो. त्यानं मला सगळ्यांसमोर अडाणी पट्टीवाला म्हटलं. मी पिशवी उचलून एसटी पकडली. अठराव्या दिवशी बाळ गोरंगोमटं झालं तेव्हा मीच जाऊन काम केलं. त्या वेळी बापानं माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. पण तोवर समाजात माझं नाव झालं होतं, दानीकाका फार खुसपटं काढतो म्हणून. ते मला लागलं होतं. पुढे जे घडलं त्यात त्या लागण्याचाही वाटा आहे.

काही वर्षांपूर्वी लोधिवलीहून आयझॅकचा फोन आला. मुलगा झाला होता. आयझॅक एका कारखान्यात सुपरवायझर, शांत स्वभावाचा. त्याचे वडील अब्राहमकाका खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कडक, देवाधर्माचं सगळं वेळच्या वेळी पाहिजे असणारे. आयझॅकची बायको नाओमी पेणकडची. तिला वडील नाहीत, म्हणून तिची आई शेगुलाबाईच बाळंतपणाला इकडे येऊन राहिली होती.

तिसऱ्या दिवशी बाळ छान होतं. सातव्या दिवशी गेलो तेव्हा उजव्या मांडीवर एक डाग दिसला. रुपयाएवढा, काळानिळा, हाताला किंचित टणक. मी विचारलं तर शेगुलाबाई लगेच म्हणाल्या की दुपट्याची गाठ रुतली असेल.

मी हात धुवायला मागच्या नळावर गेलो. तिथे सुमनताई उभ्या होत्या. त्या गावच्या आशा कार्यकर्त्या, बौद्धवाडीत राहणाऱ्या. त्या रोज बाळंतिणीला बघायला यायच्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "काका, दुपट्याची गाठ नाय ती. जलमल्यावर तिथं सुई दिलीय. सुईच्या जागी एवढं काळं होत नाय. मी लय पोरं बघितली. मला काय ते बराबर वाटत नाय."

मी त्यांना म्हटलं, बघतो. मग स्वयंपाकघरात गेलो. शेगुलाबाई नारळ खोवत होत्या. मी दार लोटून घेतलं आणि तो प्रश्न विचारला. त्यांचा हात थांबला. मला आजही तो थांबलेला हात दिसतो.

"नाय भाऊ," त्या म्हणाल्या. "आमच्यात तसलं कोण नाय."

आणि पुन्हा खोवायला लागल्या.

त्या दिवशी मी घरी जाऊन रिबकाला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, मग तुमचं मन काय म्हणतं? मन म्हणत होतं, रक्त तपासून घ्या, चार दिवस थांबा. पण अब्राहमकाकांनी पेण, पनवेल, ठाणे इथून प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष गोळा केले होते. मिलानंतर दोनच दिवसांनी दारफळणीचा सण होता. हा आमचा वर्षातला सर्वांत मोठा उपासाचा दिवस, जुनी माणसं दारं लावून घरात बसत, म्हणून हे नाव. सगळे सुट्टी काढून आले होते. एका डागावरून मी पुन्हा नाही म्हणालो असतो तर काय काय ऐकावं लागेल, हे मला दिसत होतं. आजीनं नाही म्हटलंय, मी स्वतःला सांगितलं. विचारायचं ते मी विचारलंय.

आठव्या दिवशी सकाळी घर भरलेलं होतं. प्रत्येक मिलाला हजर असतो असं आम्ही मानतो त्या एलियाहू नबीसाठी एक खुर्ची रिकामी मांडलेली, पोह्यांच्या मलिद्याची ताटं सजवलेली. बाळ अब्राहमकाकांच्या मांडीवर दिलं. मी आशीर्वाद म्हणालो आणि काम केलं.

रक्त नेहमीसारखंच आलं. तीन मिनिटं दाबलं, सात मिनिटं दाबलं, मग थांबलं. नेहमीपेक्षा वेळ लागला हे फक्त मला कळलं. पट्टी बांधली. बाळाचं नाव रूबेन ठेवलं. सगळ्यांनी "सिमान तोव", म्हणजे शुभ होवो, असं म्हटलं. मी मलिद्याचा घास घेतला आणि कितीतरी दिवसांनी मला भूक लागल्यासारखं वाटलं.

तासाभरानं आतल्या खोलीतून नाओमीनं हाक मारली. ती ओरडली नाही. नुसतं "काका" म्हणाली. आत गेलो तर बाळाखालचं दुपटं लाल झालं होतं आणि दुपट्याखालची गोधडी ओली होती. बाळ रडत नव्हतं. त्याचंच मला भय वाटलं.

मी पट्टी काढली, नवी पूड टाकली, अंगठ्यानं दाबून धरलं. अंगठा सैल केला की रक्त पुन्हा झिरपायचं. भळभळून नाही, सावकाश, न थांबता. दाराशी सुमनताई आल्या होत्या. त्यांनी एकदा बघितलं आणि शेजाऱ्याची इको गाडी मागवली.

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाळाला हात लावताच ओळखलं की हे इथलं काम नाही. त्यांनी घट्ट पट्टी बांधून, मोठ्या दवाखान्यात फोन करून आम्हाला नवी मुंबईला धाडलं. गाडी आयझॅक चालवत होता, सुमनताई त्याच्या शेजारी. मागे मी मध्ये, बाळ माझ्या मांडीवर, अंगठा तिथेच दाबलेला. एका बाजूला नाओमी, दुसऱ्या बाजूला शेगुलाबाई. शेडुंगच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती. गाडी तसूतसूनं सरकत होती. अंगठ्याखाली गॉज गरम होत चालल्याचं मला जाणवत होतं. बाळाचे ओठ पांढरे पडले होते. मी दवाखान्यात माणसं मरताना पाहिली आहेत, त्यामुळे पुढे काय होतं ते पायरीपायरीनं माहीत होतं. त्या गाडीत मला त्या माहितीचा फार त्रास झाला.

शेगुलाबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. तशाच बसून त्या बोलल्या.

"भाऊ, माझा पैला असाच गेला. मिलाच्या तिसऱ्या दिवशी."

त्या पुढे सांगत राहिल्या. नाओमीच्या बरीच वर्षं आधी त्यांना एक मुलगा झाला होता. मिला झाली, रक्त थांबलं, पुन्हा आलं. तेव्हा गाडी नव्हती, रस्ता नव्हता. त्यांच्या थोरल्या बहिणीचाही मुलगा लहानपणी पडून, आतल्या आत रक्त साचून गेला. सासरा म्हणाला, हिचं रक्तच नासकं आहे. त्यांना माहेरी पाठवून दिलं. वर्षभर कोणी न्यायला आलं नाही.

"पोरीला पण तसंच घालवून देतील म्हणून बोलले नाय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तिच्यात नसंल उतरलं."

नाओमीनं आईकडे बघितलंही नाही. तिनं माझ्या अंगठ्यावर आपला हात ठेवला आणि दाबला. मोठा दवाखाना येईपर्यंत काढला नाही.

मी त्यांना विचारलं की तुमच्या मुलाची मिला कोणी केली होती. उत्तर मला ऐकायचं नव्हतं, तरी विचारलं. त्या म्हणाल्या, हनोखबाबांनी. त्यांनी मला हा प्रश्न इतका घोकवून का घेतला होता, हे मला त्या ट्रकांच्या रांगेत कळलं. त्यांनी स्वतः ती गोष्ट मला कधीच सांगितली नाही. सांगितली असती तर मी त्या स्वयंपाकघरातल्या थांबलेल्या हाताला जास्त घाबरलो असतो.

दवाखान्यात गेल्या गेल्या मी डॉक्टरीणबाईंना दोन वाक्यांत सांगितलं, आजीचा मुलगा आणि आजीच्या बहिणीचा मुलगा. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि लगेच कोणालातरी हाक मारली. नंतर समजावलं ते असं: रक्त गोठायला जो एक घटक लागतो तो या मुलाच्या अंगात जवळजवळ नाहीच. याला हिमोफिलिया म्हणतात. आया हा दोष वाहतात, मुलगे भोगतात. तो घटक बाहेरून सुईनं द्यावा लागेल, आज आणि जन्मभर. पण रक्त फार गेलं आहे आणि डोक्यात रक्तस्राव झालेला नाही ना, हे दोन दिवस बघावं लागेल. त्यांनी विचारलं की मांडीवरचा डाग आधी कोणाला दिसला नव्हता का. मी म्हणालो, मला दिसला होता.

आयझॅक मागे उभा होता. त्यानं ते ऐकलं.

दारफळणीच्या उपासाआधी आमच्यात एक रीत आहे. देवाचे अपराध देव माफ करतो, माणसाचे केले असतील तर त्या माणसाकडे जाऊन माफी मागावी लागते. दुसऱ्या दिवशी, उपास लागायच्या आधी, दुपारी मी दवाखान्यात गेलो. आयझॅक काचेच्या दाराबाहेर बाकड्यावर बसला होता. मी त्याच्यासमोर उभा राहून म्हणालो की डाग दिसत असताना मी सुरी उचलली, लोकांच्या बोलण्याला घाबरून उचलली, मला माफ कर.

"काका, तुम्ही आता जा," तो म्हणाला.

मी तिथून पनवेलला आमच्या प्रार्थनागृहात गेलो. सूर्यास्ताला फोन बंद केला. त्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घालतो, पाणीही घेत नाही, दिवसभर उभे राहून प्रार्थना म्हणतो. वर्षभरात कोण जगणार, कोण जाणार, हे त्या दिवशी लिहून त्यावर मोहर उठते अशी आमची श्रद्धा. लहानपणापासून ती प्रार्थना मी म्हणत आलो, तोंडपाठ आहे. त्या वर्षी "कोण वेळेवर आणि कोण वेळेआधी" इथे आलो की मी थांबायचो. शेजारचे मोठ्यानं म्हणत, मी ओठ हलवायचो. खिशातला बंद फोन मांडीला लागत होता. दुपारनंतर मला खात्रीच वाटायला लागली की पोर गेलं आहे आणि हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच माझ्याकडे कोणी बघत नाही.

संध्याकाळी शिंग फुंकलं, उपास सुटला. लोक शरबताकडे वळले. मी जिन्याखाली जाऊन फोन चालू केला. आयझॅकचा काही नव्हता. सुमनताईंचा निरोप होता, दुपारचा. "पोरगा दूध प्यायला." मी पायरीवर बसलो. रिबका बायकांच्या बाजूनं खाली आली, तिनं माझ्या हातातला फोन घेऊन वाचला आणि तिथेच माझ्याशेजारी बसली.

मी सुरी पुन्हा हातात घेतली नाही. आता आमच्यातले लोक मुंबईतल्या सर्जनकडे जातात, ते बरंच आहे. हात थरथरायला लागले, असं मी लोकांना सांगितलं. खोटं नव्हतं. चहाची बशी धरली की चहा सांडायचा.

शेगुलाबाईंना जी भीती होती ती अगदीच खोटी ठरली नाही. अब्राहमकाकांनी नाओमीला घालवलं नाही, पण आमच्या घराण्यात असं नव्हतं, हे एक वाक्य ते रोज तिच्या कानावर पडेल असं बोलत. चौथ्या महिन्यात ती रूबेनला घेऊन पेणला आईकडे गेली आणि परत आली नाही. मला हे सुमनताईंकडून कळलं. मी लोधिवलीला गेलो. अब्राहमकाका झोपाळ्यावर होते, मला बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानंच सांगितलं की ग्रंथात हा प्रश्न मोहेलनं विचारायचा म्हटलंय, सुनेनं आपणहून सांगावं असं म्हटलेलं नाही. तिला तर कोणी काही सांगितलंच नव्हतं. दोष द्यायचा तर माझं नाव घ्या, रोज घ्या. आयझॅक ओसरीत उभा राहून ऐकत होता. पुढच्या शनिवारचा शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा दिवस, संपल्यावर तो पेणला जाऊन दोघांना घेऊन आला.

दोन वर्षं असंच गेलं. रूबेनला आठवड्यातून दोनदा सुई. सुमनताई त्याच्याबरोबर जायच्या, मग आयझॅक स्वतः द्यायला शिकला. पोर चालायला लागलं तेव्हा नाओमीनं घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला फडकी बांधली होती, असं ऐकलं. रस्त्यात मूल धावताना दिसलं की मी तोंड फिरवून घ्यायचो.

गेल्या वर्षी नाओमीला पुन्हा दिवस गेले. या वेळी सगळं आधी ठरवून, मोठ्या दवाखान्यात. मुलगा झाला. रक्त तपासलं. यालाही तेच.

आणि अब्राहमकाका अडून बसले. मोठ्या मुलाची खूण तरी झाली, हा तसाच राहायचा का? अशा मुलाला उद्या आपल्यात धरतील का, आमचा धर्मग्रंथ तोरा वाचायला बोलावतील का, इस्राएलला गेला तर तिथे काय सांगणार? सर्जन आहे, औषध आहे, मग करून टाका. आयझॅक नाही म्हणत होता, बाप ऐकत नव्हता. शेवटी काकांनी समाजातली सात-आठ जाणती माणसं घरी बोलावली आणि मलाही निरोप पाठवला. मला वाटतं, मी त्यांच्या बाजूनं बोलेन असा त्यांचा अंदाज होता. मोहेल आठव्या दिवसाच्या बाजूनंच बोलणार.

जाताना खालापूरच्या स्टँडवर उतरून मी परत फिरायचा विचार केला. त्या घरात त्या दिवसानंतर मी ओसरीच्या पुढे गेलो नव्हतो.

बैठकीत दोघं मिलाच्या बाजूनं बोलले, दोघं विरुद्ध बोलले. मग माझ्याकडे बघायला लागले. मी सगळं सांगितलं. डाग, सुमनताईंचं बोलणं, थांबलेला हात, इंजिनियरनं केलेला अपमान, तो मनात ठेवून मी उचललेली सुरी. आतापर्यंत लोकांना वाटत होतं की आजीनं लपवलं आणि मोहेल बिचारा फसला. मी म्हणालो, मी फसलो नाही. मला भीती वाटत होती, दोन्हीकडून, आणि मी चुकीच्या भीतीचं ऐकलं. हे पोर आईच्या पोटातूनच इस्राएलाच्या वंशाचं आहे. नियमच सांगतो की जीव आधी. त्याच्या अंगाला खूण नसली तर ते नियम मोडणं नव्हे, नियम पाळणंच आहे.

आतल्या दाराशी शेगुलाबाई उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. पुरुषांच्या बैठकीत त्या आयुष्यात पहिल्यांदा बोलल्या असतील.

"माझ्या पोराला कोणी नाव पण दिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "नाव द्यायच्या आदीच रक्त पुन्हा लागलं म्हणून ऱ्हायलं. याला नाव तरी द्या."

अब्राहमकाकांनी पायानं झोपाळा थांबवला. मग म्हणाले की उद्या मलिदा करा, नाव शिमोन ठेवू. आवाज बारीक झाला होता. बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दानियल, त्या दिवशी मांडीवर माझ्याच होता तो. मीसुद्धा बघितला होता डाग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि रिबका गेलो. पाहुणे थोडेच. शेजारपाजारचे, सुमनताई, ठाण्याचे एक-दोन. मी दाराजवळची खुर्ची घेतली, लवकर निघता येईल अशी. रूबेन सगळ्यांच्या पायांतून पळत होता आणि तो कोपऱ्याशी वळला की खोलीतली सगळी मोठी माणसं बोलता बोलता श्वास धरत होती. मी पण. ते बहुधा जन्मभर चालणार.

आशीर्वाद म्हणायची वेळ झाली. कोणाच्या मांडीवर द्यायचं, असं आयझॅकनं विचारलं. नाओमी बाळ घेऊन उठली आणि खोली ओलांडून माझ्यासमोर आली. त्या गाडीतल्या दिवसानंतर ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. मी दोन्ही हात मागे घेतले. म्हणालो, बाई, माझे हात आता धड नाहीत, हलतात, दुसऱ्या कोणाकडे दे.

"हलू देत, काका," ती म्हणाली. "धरा."

तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझे हात उचलून त्याच्याभोवती लावले. आयझॅक बाजूला येऊन उभा राहिला. आशीर्वाद झाला, नाव ठेवलं, मलिदा वाटला. शिमोन जागा झाला, माझ्या सदऱ्याची गुंडी बघितली आणि पुन्हा झोपला. माझे हात हलत होते, त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. लोक जेवले, भांडी आत गेली. रिबकानं दोनदा दारातून डोकावलं. तरी कोणी बाळ घ्यायला आलं नाही, आणि मीही उठलो नाही.